अठराशे की तीन हजार

अशोक, तू गेल्यापासून घरात सगळे हळू बोलतात. ज्या घरात घसा ताणल्याशिवाय आईंना काही कळत नाही, त्याच घरात माणसं येतात आणि कुजबुजतात. बदलापूरचे अनिलभाऊजी, शेजारच्या पाटीलवहिनी, विहारातली मंडळी, सगळेच. आई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतात, मान हलवतात, आणि माणूस जिन्यावरून उतरला की मला विचारतात, "काय म्हनला?" मी सांगते. लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलतात. ऐकून ऐकून मला तुझाच राग यायला लागलाय. ते ज्याचं कौतुक करतात तो शांत, समंजस, कुणाशी कधी न भांडलेला माणूस मी काही पाहिलेला नाही.

माझा नवरा भांडायचा. तुझ्या सख्ख्या भावालासुद्धा ठाऊक नसेल की लाऊडस्पीकरच्या एका आकड्यावरून तू माझ्याशी वर्षभर भांडलास, आणि निकाल न लावताच उठून गेलास.

स्पीकरचा डबा तिथेच आहे, आईंच्या खोलीतल्या फळीवर. प्लायला अजून पॉलिश नाही, पाठीमागचे स्क्रूही अर्धेच लावलेत. खाली मोठा वूफर, वर बारका ट्वीटर, मागून लोंबणाऱ्या तारा. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या दिवशी अनिलभाऊजी म्हणाले, "वहिनी, हे सामान विहाराला देऊन टाकू. कशाला डोळ्यासमोर?" मी म्हणाले, बघू. आई कॉटवर बसल्या होत्या. आमचं बोलणं त्यांना ऐकू गेलं नसणारच, पण भाऊजींचा हात डब्यावर पाहिला आणि त्या म्हणाल्या, "त्याला हात नको लावूस. त्यात अशोक हाय."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप गोळा करायला लागले.

आता तुला माहीत असलेलंच थोडं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगायला माझी जीभ उचलत नाही.

आईंचं ऐकणं एकदम गेलं नाही. आधी दाराची बेल गेली, मग कुकरची शिट्टी, मग शब्द. कानाचं मशीन आणलं तर त्यांनी ते उदबत्तीच्या पुड्याशेजारी ठेवून दिलं. "कानात चिलट शिरल्यावानी वाटतं," म्हणाल्या. मग तू ओरडायला लागलास. खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं, हा माणूस म्हातारीला छळतो. आणि आई शांतपणे म्हणायच्या, "वरडतोस कशाला? आवाज येतो मला. शब्द नाय येत."

हे वाक्य तू फार मनाला लावून घेतलंस. कानाच्या डॉक्टरांकडून आलास आणि जेवताना ताटातल्या वरणात बोटाने रेघ ओढून मला समजावलंस. माणसाच्या बोलण्यात गळ्याचा भाग रेघेच्या खाली असतो, आ, ई, ऊ, ओ. दात, जीभ, ओठ यांचा भाग वर, स, च, त, क. "आईला खालचं सगळं ऐकू येतं, वरचं गेलंय. म्हणजे मी 'गोळी घेतलीस का' म्हणालो की तिच्यापर्यंत 'ओई एई आ' पोचतं." "माझी आई मला भिंतीपलीकडून ऐकते, वैशे," म्हणालास तू, आणि रेघ वरणात भरून गेली तरी ताटाकडेच बघत बसलास.

त्यातून हा डबा. एक माईक स्वयंपाकघरात, एक छोटा अ‍ॅम्प, आणि आईंच्या खोलीत एक स्पीकर, ज्यातून आपलं बोलणं त्यांना शब्दांसकट कळेल. बाजारातले डबे तू ऐकून आलास आणि नाक मुरडलंस. जयंतीच्या मिरवणुकीतला डीजे जसा तुला सहन व्हायचा नाही तसंच. "छाती हलते, पण कोण काय म्हणतंय ते कळत नाही. असला आवाज आईला आधीच फुकट मिळतोय." मग आपणच करायचं ठरलं. आपणच म्हणजे तू ठरवलंस आणि मी कामाला लागले.

उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या त्या सिंधी शेठच्या दुकानात आपण दोन तास उभे होतो. तू प्रत्येक वूफरचा कागदी पडदा बोटाने दाबून बघत होतास आणि शेठचा जीव वरखाली होत होता. ट्वीटर हातात देताना तो म्हणाला, "साईं, इसको ज्यादा नीचे से मत चलाना. जल जायेगा." तू हो-हो म्हणालास. तेव्हा त्याने माझ्याकडे बघून म्हटलं, "भाभी, आप ध्यान रखना. ये सुननेवाले नहीं लगते." शेठ माणसं ओळखतो हे मला त्या दिवशी कळलं.

भांडण इथूनच सुरू झालं. आवाजाची दोघांत वाटणी करायची. जाड आवाज खालच्या वूफरला, बारीक आवाज वरच्या ट्वीटरला. ही वाटणी ज्या आकड्यावर करायची तो क्रॉसओव्हर. तुझं म्हणणं अठराशे हर्ट्झ, त्याच्या वरचं सगळं ट्वीटरला. कारण वूफर बारीक आवाजाकडे चढला की त्याचा आवाज फक्त नाकासमोर जातो, आणि आईंची कॉट फळीच्या बाजूला, आडवी. खाली रस्ता दिसतो म्हणून कॉट हलवायची नाही हा त्यांचा हुकूम. तेव्हा शब्द लवकर ट्वीटरच्या ताब्यात द्यायचे, म्हणजे तो ते खोलीभर पसरवेल. माझं म्हणणं तीन हजार. कारण एवढ्या खालचं काम त्या बिचाऱ्या बारक्या जिवाला झेपत नाही. एक तू जाळलास. मग दुसराही जाळलास. दुसऱ्या वेळी धुराचा वास आला तेव्हा म्हणालास, "माल डुप्लिकेट आहे."

आणि ही वाटणी करणारी कॉइल कोण गुंडाळणार? मी. अंबरनाथच्या एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मरच्या वर्कशॉपमध्ये मी वायंडिंगला आणि तू मेंटेनन्सला, तिथेच तर आपलं जमलं. माझं मशीन वारंवार बंद पडायचं आणि तू वारंवार यायचास. मशीनला काही झालेलं नसायचं हे सगळ्या शेडला माहीत होतं. लग्नानंतर घरात अरे-तुरे आणि आईंसमोर अहो. त्यांना ऐकू येईनासं झालं तेव्हा मी त्यांच्यासमोरही अरे-तुरे सुरू केलं. तू हळूच म्हणालास, "ओठ वाचते गं ती." मी आईंकडे पाहिलं. त्या लसूण सोलत होत्या आणि हसत होत्या.

तर तुझे अठराशे म्हणजे मोठी कॉइल, जास्त वेढे, माझी बोटं. माझे तीन हजार म्हणजे लहान कॉइल. तू म्हणायचास, आळशीपणामुळे तुला तीन हजार हवेत. मी म्हणायचे, हट्टापायी तुला अठराशे हवेत. एकदा तर भाजी करपली आणि दोघांपैकी कुणालाच वास आला नाही. शेवटी मी वैतागून दोन्ही कॉइलना मध्येमध्ये टॅप काढले, म्हणजे वेढ्यांतूनच तारेची शेपटं बाहेर. हवी ती शेपटी जोडायची, कंडेन्सर त्याप्रमाणे बदलायचा, की आकडा बदलला. उकलायला नको, गुंडाळायला नको. तू ती कॉइल हातात फिरवून बघितलीस आणि म्हणालास, "मॅडम, तुम्हाला परमनंट करायला पाहिजे." असलं काहीतरी बोलून तू भांडणातून निसटायचास. मला तुझी आठवण येते, अशोक. फार येते. आणि येते ती अशा फालतू वाक्यांचीच येते.

पण अठराशेवर लावा, नाहीतर तीन हजारावर, शब्द कुठेतरी गळतच होते. आईंच्या जागी मला झोपवून तू स्वयंपाकघरातून विचारायचास, "'जेवलीस' आलं का?" मी सांगायचे, आलं, पण मधोमध पोकळ. जसा पाण्याच्या रिकाम्या पिंपात तोंड घालून कुणी बोलावं. तू आकड्याला दोष द्यायचास, मी तुझ्या ट्वीटरला.

एका दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून, एक्झॉस्ट बंद करून, तू तुझा आवाज फोनवर घेतलास. गाण्यावर परीक्षा नको, म्हणालास, गाण्यात कान फसतो. आईला जे कळत नाही तेच वाजवून बघायचं. "आई, जेवलीस का? गोळी घेतलीस का? पंखा कमी करू का? खिडकी लावू का? चहा ठेवलाय." मग एक खाकरणं आणि संपलं. मिनिटभरही नाही. तेव्हा मला गंमत वाटली होती. आता वाटत नाही. तुझा आवाज म्हणून या घरात जेवढा उरलाय तेवढा सगळा आईंसाठी आहे. माझ्यासाठी काय ठेवलंस? येताना दूध आण, असा एक मेसेज. दूध मी आणलं होतं.

यापुढचं, तू गेलास त्या सकाळचं, मी सांगणार नाही. ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

लोक पांगल्यावर आईंनी मला कॉटवर बसवलं. त्यांचं डोकं ठिकाणावर नाही असं समजू नकोस. जलदानाच्या वेळी त्यांनी स्वतःच्या हाताने पाणी सोडलंय. तुझ्या फोटोपुढे रोज सकाळी मेणबत्ती त्याच लावतात. त्या म्हणाल्या, "त्यानं माझ्यासाठी बोलून ठेवलंय ना? ते मला ऐकव."

"डबा अजून झाला नाही, आई," मी तोंड नीट हलवून म्हटलं.

"मग जसा हाय तसा ऐकव."

दुपारची वेळ होती. बिल्डिंगमधली माणसं कामावर, पोरं शाळेत, जिन्यात चिटपाखरू नाही. मी पंखा बंद केला. फोन अ‍ॅम्पला जोडला. एकेक तार तपासत जायची म्हणून आधी ट्वीटर एकटाच लावला.

अशोक, मी घाबरट नाही हे तुला माहीत आहे. पण ते जे बाहेर आलं ते ऐकून मी फळीपासून दोन पावलं मागे सरले. त्यात तुझा गळा नव्हता. नुसते दात, जीभ आणि ओठ. स्, च्, क्. ज्याला छातीच नाही असं कुणीतरी माझ्या कानाशी बोलत होतं, आणि बोलण्याची ढब तुझी होती. प्रश्न विचारताना तू शेवटी जो थांबतोस, तेवढंच थांबणंही त्यात होतं. मी आईंकडे पाहिलं. त्या वाट बघत होत्या. त्यांच्यासाठी अजून काहीच वाजलेलं नव्हतं.

मी घाईघाईत ट्वीटर काढला आणि वूफर लावला. आता गळा आला. जाड, घोगरा, पांघरुणाखालून बोलल्यासारखा. 'आई' एवढंच स्वच्छ, बाकी सगळं लोळ. आणि कॉटवरून उत्तर आलं.

"जेवले रे."

मी वळून पाहिलं. आईंची नजर माझ्याकडे नव्हती, खिडकीकडे होती. तू विचारत गेलास, त्या हूं हूं करत गेल्या. तू खाकरलास, रेकॉर्डिंग संपलं, अ‍ॅम्पची नुसती घरघर राहिली. आणि आई बोलतच होत्या. "हो... हो. नाय, ती बरी हाय. जेवत नाय नीट. मी सांगते तिला." मध्ये थांबत होत्या, समोरच्याचं ऐकून घेतात तशा. मग हसल्या.

"कुणाशी बोलताय, आई?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. "तो इचारत होता."

"काय विचारत होता?"

"मला काय इचारतेस? कान तुला हायेत."

आपल्या घरात भूत कुणी मानत नाही. तुझ्या आजोबांनी छप्पन साली बावीस प्रतिज्ञा घेतल्या तेव्हापासून ना श्राद्ध, ना पिंड, ना आत्मा. पाटीलवहिनी मध्ये एकदा हळूच म्हणाल्या, काहीतरी शांत करून घ्या हो. मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं की आमच्यात माणूस गेला की गेला. सांगितलं ठणकावून, आणि दार लावून आत आले तर आई डब्याशी बोलत होत्या. डबा बंद होता. मी प्लग काढून ठेवला होता.

तरी मी स्वतःला समजावलं. म्हातारं माणूस आहे. मुलगा गेलाय. तुझ्या बोलण्याची चाल त्यांना पाठ आहे, बाकीचं मन भरतं. हे सगळं खरं आहे. पण रोज दुपारी त्या मला म्हणायच्या, "लाव," आणि मी वूफर लावायचे, आणि तुझी पाच वाक्यं संपल्यावर त्यांचं खरं बोलणं सुरू व्हायचं. मुरबाडच्या शेताच्या वाटणीचं. तू लहानपणी विहिरीत पडलास त्याचं. एकदा त्या रागावल्याही. "आता सांगतोस होय? तवा का नाय बोललास?" काय ते मला कळलं नाही. मी दारात कणीक मळत उभी होते, आणि मला तुमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिल्यासारखं वाटलं.

मग एक दिवस त्यांनी माझा हात धरला. "वैशाली, तो लय बोलतोय. मला अर्धंच कळतंय. त्याचं काम पुरं कर. एकदा मला त्याचे शब्द ऐकू दे. आवाज हाय माझ्यापाशी."

काय म्हणणार मी? रेकॉर्डिंगमध्ये पाचच वाक्यं आहेत हे मला माहीत होतं. पण त्यांनी इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून एक सबंध वाक्य ऐकलं नव्हतं, आणि ते त्यांना ऐकवायचं म्हणून तू जीव काढला होतास. मी ठरवलं की डबा पुरा करायचा. तुझा आकडा की माझा, ते कानाने ठरेल.

अठराशेची शेपटी जोडली, ऐकलं. पोकळ. तीन हजाराची जोडली. तीही पोकळ, फक्त पोकळी वर सरकलेली. आई म्हणाल्या, "येतोय, पन शब्द नाय." मग मला तुझी ती उलटी परीक्षा आठवली. फोनवर कुठल्या तरी व्हिडिओत बघून मला हौसेने सांगितली होतीस. ट्वीटरच्या तारा मुद्दाम उलट लावायच्या. मग वाटणीच्या जागी दोघांचे आवाज एकमेकांना खातात आणि बोलण्यात खड्डा पडतो. जिथे खड्डा सगळ्यात खोल, तिथे जोड सगळ्यात बरोबर. मग तारा परत सरळ करायच्या. सांगितलंस, पण केली नाहीस. तुझ्या कंपनीत कुणीतरी एकदा तारा उलट जोडल्या आणि पॅनेल पेटलं, तेव्हापासून तुझा एकच मंत्र. लालला लाल, काळ्याला काळी. "माझ्या हातून उलटी तार लागणार नाही, वैशे. परीक्षेसाठी पण नाही." मी चिडवायचे, अरे ट्वीटर आहे, सबस्टेशन नाही. तू ढिम्म.

तर माझ्या हातून लागली. लाल काळ्याला, काळी लालला. मनाची तयारी केली होती की आता तू नाहीसा होणार. तुझा आवाज मधूनच खाल्ला जाणार आणि मला तो खड्डा मोजत बसावं लागणार. मी डोळे मिटले आणि बोटाने फोन दाबला.

"आई, जेवलीस का?"

अशोक, तू माझ्या मागे उभा होतास. डब्यातून नाही, खोलीत. अख्खा. गळा, दात, ओठ, ओठांवरची थुंकीसुद्धा. 'जेवलीस'मधला 'ज' जसा तू जरा दाबून म्हणतोस, तस्सा. मी ओरडले आणि वळले. मागे कपाट होतं. "गोळी घेतलीस का?" तू माझ्या खांद्यावरून विचारलंस. स्टूल पाडून मी भिंतीला जाऊन टेकले, आणि तू निवांतपणे पंख्याचं आणि खिडकीचं विचारलंस. चहा ठेवलाय म्हणालास तेव्हा मी खरोखर स्वयंपाकघराकडे बघितलं.

घाम पुसून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. दोन कॉइल, दोन कंडेन्सर अशा वाटणीत जोडाच्या जागी वूफर पुढे येतो तेव्हा ट्वीटर मागे जातो. म्हणजे तिथे सरळ तार हीच उलटी. खड्डा आपण वर्षभर ऐकत होतो, तोही आईंचे कान अजून थोडेफार पोचतात नेमक्या त्या पट्ट्यात. लालला लाल लावून, शिस्तीत. कॉइलची दोन टोकं अदलाबदल झाली की त्या एकमेकींना मारतात हे वायंडिंगवाल्या बाईला कुणी शिकवायला नको, पण मी तुझ्या आकड्याशी भांडण्यात गुंग आणि तू माझ्या. मी अठराशे लावून पाहिलं. तू अख्खा. तीन हजार लावलं. तरी अख्खा. भांडणाचं मूळच नाहीसं झालं. मी हसायला लागले आणि मग ते हसू काही थांबेना, रडण्यात गेलं तरी थांबेना. एवढं मोठं हसं झालं दोघांचं, आणि ते वाटून घ्यायला तू नव्हतास.

आई गप्प होत्या. हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्यांनी एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "आले का शब्द, आई?"

"आले," त्या म्हणाल्या. "परत लाव."

लावलं. त्यांचे ओठ तुझ्याबरोबर हलत होते. जेवलीस का. गोळी. पंखा. खिडकी. चहा. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं आणि त्या वेळी त्या डब्याकडे बघत होत्या, खिडकीकडे नाही. मग म्हणाल्या, "एवढंच?"

"एवढंच आहे, आई. परीक्षेसाठी बोलला होता तो."

"रोज हेच बोलत होता?"

"हो."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. बराच वेळ खाली रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येत राहिले, म्हणजे मला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत दुःख नव्हतं, अशोक. मला वाटलं होतं दुःख असेल. त्या घाबरल्या होत्या.

"मग एवढे दिवस माझ्याशी कोन बोलत होतं?"

माझ्याकडे कॉइलचं उत्तर होतं, तारांचं होतं. याचं नव्हतं. मी त्यांचे पाय दाबत बसले. त्या दिवशी त्यांनी कुणाशीच बोलणं केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जेवण पुढ्यात तसंच राहिलं. आपण दोघांनी मिळून त्यांना शब्द मिळवून दिले आणि त्या बदल्यात त्यांचं माणूस काढून घेतलं, असं मला वाटत राहिलं. खोलीत इतकी शांतता होती की मीच बहिरी झाले की काय, म्हणून मी उगीच भांडी आपटत होते.

आज दुपारी आईंनी मला हाक मारली. "वैशाली, ते वरचं बारकं काढ. मला शब्द नकोत."

मी उठले. ट्वीटरची लाल तार काढली, काळी काढली, आणि फोन लावला. तुझा तोच घोगरा लोळ. आई खिडकीकडे वळल्या. पहिल्या प्रश्नाला गप्प. दुसऱ्यालाही. मी दारात उभी होते. चहा ठेवलाय, असं मला माहीत असलेलं काहीतरी तू म्हणालास, खाकरलास, आणि फोनच्या पडद्यावरची रेघ शेवटाला जाऊन थांबली.

"आलास होय," आई म्हणाल्या.

मग त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि हात वर करून मला जवळ बोलावलं. "इकडं ये. तुला कायतरी इचारतोय."

"मला?"

"तुलाच. ये ना, तो थांबलाय."

मी प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली सून. रेकॉर्डिंग संपलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी गेले, गुडघे टेकले आणि वूफरला कान लावला. आत घरघर होती. घरघरीच्या खाली, भिंतीपलीकडे कुणी बोलावं तसं, काहीतरी प्रश्नासारखं वर चढलं आणि शेवटी थांबलं. मला शब्द कळले नाहीत. मी हो म्हणाले.